स्वप्नात मारायची हाक

बेंगळुरात कॉटनपेटच्या एका बोळात राहणारे विठोजीराव पाट्या रंगवायचे. चिकपेटेतल्या निम्म्या साडीवाल्यांच्या डोक्यावर त्यांचंच अक्षर होतं, कानडी म्हणा, इंग्रजी म्हणा. शिडी, सुतळी, खडू आणि रंगाचे चार डबे सायकलला बांधून सकाळी आठाला निघायचे, ते दिवे लागेपर्यंत कुणाच्या तरी दुकानावर चढलेले असायचे. माणूस गुणी. पण बोलायची वेळ आली की हा गुणी माणूस खाली मान घालून रंग ढवळायला लागायचा, कारण त्यांची जीभ अडत असे. सगळ्या शब्दांवर नाही. 'क' आला की मात्र संपलं.

जीभ अडणाऱ्या माणसाची एक युक्ती असते, ती घडाघड बोलणाऱ्यांना कधी कळत नाही. अडणारा शब्द त्याला लांबूनच येताना दिसतो, आणि तो आधीच्या बोळात वळतो. विठोजीराव 'काळा' रंग म्हणत नसत, 'डांबरी' म्हणत. 'काल' नाही, 'आदल्या दिवशी'. कात्रीकडे बोट दाखवून 'ती दे' म्हटलं की भागतं. असे वळसे घेत त्यांनी सगळा जन्म काढला असता आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण बायकोचं नाव होतं कावेरी. नावाला दुसरा शब्द कुठून आणायचा?

लग्न झालं एकोणपन्नास साली. वरात घरी आली, आणि दारात आत्याबाईंनी, म्हणजे सकवारबाईंनी, रीतीप्रमाणे वाट अडवली. दोघांनी नाव घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही. विठोजीरावांनी आठवडाभर पाठ केलेल्या दोन ओळी सुरू केल्या आणि नावावर येऊन ते थांबले. का. का. का. बायकांत आधी एकीला हसू फुटलं, आणि सकवारबाई म्हणाल्या, "अरे, सून आणलीस की कावळा आणलास?" मग काय, सगळा बोळ हसला. सकवारबाई मनानं वाईट नव्हत्या, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडात मारावीशी वाटते. नव्या नवरीनं मात्र कमाल केली. तिनं नवऱ्याचं नाव घेतलं, एकदा नव्हे, लागोपाठ दोनदा. "एक माझं, एक ह्यांच्यातर्फे," असं म्हणून आत्याबाईंचा हात बाजूला केला आणि माप ओलांडून सरळ आत गेली.

त्यानंतर विठोजीरावांनी ते नाव तोंडातून काढलं नाही. कुणाला ते खटकलंही नाही, कारण त्या काळी कुठला नवरा बायकोला चारचौघांत नावानं हाक मारत होता? 'अगं' म्हटलं की झालं. सगळ्या जगाच्या रीतीआड त्यांचं दुखणं लपून गेलं. फक्त एक गोष्ट लपत नसे. बाजारात जाताना बाकीचे पुरुष पुढे आणि बायका मागे असत, हे दोघे उलटे चालत. बायको मागे राहून गर्दीत हरवली तर हाक कशी मारायची, या धास्तीनं ते तिलाच पुढे घालत. शेजारचे चेष्टा करायचे, "राव, घोडं गाडीच्या मागे का जुंपलंय?" ते हसून सोडून देत, आणि कावेरीही कधी काही विचारत नसे.

चोपन्न सालच्या थंडीत एका पहाटे त्यांना स्वप्न पडलं. ते शिडीवर उभे होते. खाली पाहिलं तर शिडी कशालाच टेकलेली नव्हती, बाजाराच्या मधोमध सरळ उभी. आयुष्यभर शिडीवर काढलेल्या माणसाला हे खपण्यासारखं नव्हतं. शिडी अशी राहणं शक्य नाही, म्हणजे मी झोपलोय, हे स्वप्न आहे, असं त्यांना स्वप्नातच स्पष्ट कळलं. आणि कळल्याबरोबर भीतीच गेली. स्वप्नातल्या माणसांना कोण घाबरतं? त्यांनी मोठ्यानं हाक मारली: कावेरी. पुन्हा मारली. शब्द अखंड निघाला. दुसऱ्या हाकेबरोबर जाग आली. शेजारी ती शांत झोपली होती. तिनं काही ऐकलं नव्हतं. ते उठून बसले, आणि आनंदानं त्यांचे डोळे भरून आले.

एवढंच घडलं. पण गोड खाल्लेली जीभ ती. त्यांना ते पुन्हा हवं होतं. आपल्या आवाजातलं ते नाव एकदा धडपणे, सावकाश, पोटभर म्हणायचं होतं. जागेपणी जमणार नाही हे त्यांनी कधीच मान्य करून टाकलं होतं. निदान स्वप्नात तरी!

आता हे शिकायचं कुणाकडे? योगायोगानं त्याच वर्षी मल्लेश्वरममधल्या भीमाचार्यांनी घरच्या संस्कृत वर्गासाठी पाटी रंगवायला बोलावलं. आचार्य शाळेतून निवृत्त झालेले, घरी मराठी बोलणारे, आणि कसलीच घाई नसलेले गृहस्थ. पाटी वाळेपर्यंत विठोजीरावांनी अडखळत, वळसे घेत, घाम पुसत त्यांना स्वप्नाची हकीकत सांगितली. नाव कुणाचं ते तेवढं सांगितलं नाही.

आचार्य हसले नाहीत. म्हणाले, "जमतं हे. पण सवयीचं काम आहे, विठोजीराव. दोन गोष्टी करा. उठल्याबरोबर, तोंडसुद्धा धुण्याआधी, पडलेलं स्वप्न लिहून काढा. आणि दिवसातून वीस-पंचवीस वेळा स्वतःला खरोखर विचारा, मी आत्ता जागा आहे का? दिवसा जे खरोखर विचाराल तेच झोपेत विचारलं जाईल."

"आणि नाही पडलं स्वप्न तर?"

"तर 'आज नाही' असं लिहा. पान कोरं सोडायचं नाही. स्वल्प धीर धरा, वर्षभरात काहीतरी दिसेल."

वर्षभरात! आचार्यांचा अंदाज किती चुकला हे पुढे दिसेलच.

विठोजीरावांनी शंभर पानी वही आणली. मराठी मजकूर कानडी अक्षरांत, घरात सगळे लिहीत तसाच. पहिले दोन महिने पानापानावर 'आज नाही', 'आज नाही'. मग एखादा तुकडा हाती लागू लागला, एक पिवळी भिंत, एक पाय. सहा महिन्यांनी अख्खी स्वप्नं यायला लागली, लांबलचक, तपशीलवार, आणि बहुतेक बिनकामाची. दिवसा ते शिडीवर चढताना दर वेळी वरचं टोक पाहायचे: टेकलीय ना? टेकलीय. मी जागा आहे. आता गंमत अशी, की त्यानंतर त्यांच्या स्वप्नात शिडीच यायची बंद झाली.

शिडी सोडून त्यांनी पाट्या धरल्या. स्वप्नातल्या पाटीवरची अक्षरं दुसऱ्यांदा पाहिली की बदललेली असतात, हे वहीवरून त्यांच्या ध्यानात आलं होतं. खूण उत्तम होती, पण ती एखाद्या वकिलाला. पाटीवाल्याला काय उपयोग? स्वप्नात वाकडं अक्षर दिसलं की ते 'हे स्वप्न आहे का' असं विचारायचं सोडून ब्रश काढायचे आणि अक्षर दुरुस्त करायला बसायचे. सकाळी जाग यायची ती थकून, रात्रभर काम केल्याच्या थकव्यानं. असं दोन वर्षं चाललं.

कंटाळा आला नाही असं कसं म्हणावं? अनेकदा आला. पण वही लिहायची म्हणून ते पहाटे उठत, आणि उठल्यावर खिडकीत बसून लिहिता लिहिता उजाडताना पाहत. हळूहळू ती अर्धी घटका त्यांना आवडायला लागली. स्वप्न हाती लागो न लागो, ती घटका तर मिळतेय, असा हिशेब करून ते चिकटून राहिले. शिवाय महिन्यातून एकदा मल्लेश्वरमला चक्कर होतीच. आचार्य वही चाळत आणि प्रत्येक 'आज नाही'वर सुद्धा मान डोलवत.

कावेरीला वहीची माहिती होती. तिनं ती कधी उघडली नाही. शेजारच्या अंबूबाईंनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "त्यांची स्वप्नं आहेत की. मी कशाला उष्टी करू?"

एकोणसाठ साली, पाचव्या वर्षी, एका पहाटे जमलं. चिकपेटेतली पाटी तीनदा पाहिली, तिन्ही वेळा वेगळी, आणि विठोजीरावांना उमगलं: स्वप्न! समोर कावेरी पाठमोरी चालत होती. पाच वर्षं वाट पाहिलेला माणूस, तो कुठला दम धरतोय? त्यांनी धावत जाऊन तोंड उघडलं. का. का. का. स्वप्नातसुद्धा जीभ अडली. सगळा बाजार वळून पाहू लागला आणि त्यांना घामाघूम होऊन जाग आली.

हा घाव फार खोल गेला. जागेपणाचं राज्य दुसऱ्यांचं, पण झोप तरी आपली, असं त्यांनी धरलं होतं. तिथेही तीच फजिती. त्यांनी वही ट्रंकेत टाकली, कुलूप लावलं, आणि आचार्यांकडे जाणंही बंद केलं. कामावर जात, जेवत, झोपत. सात महिने असे गेले. वरून पाहणाऱ्याला काही बदललेलं दिसलं नसतं.

आठव्या महिन्यात एका सकाळी ते डोळे चोळत उठले, तर उशाशी वही आणि टोक केलेली पेन्सिल. कावेरी दारात उभी.

"लिहीत नाही तुम्ही आता," ती म्हणाली.

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

"लिहा की. लिहिताना तुमचे ओठ हलतात. न थांबता हलतात. मी रोज चूल पेटवताना बघायची." मग जरा लाजून, "मला बरं वाटायचं बघायला. आता सकाळ सुनी वाटते."

 विठोजीरावांनी वही मांडीवर ओढली आणि लिहिलं, 'आज नाही.' ज्या कामानं दुसऱ्या कुणाला बरं वाटतं ते सोडणं अवघड असतं. यापुढे कितीही वर्षं लागली तरी वही थांबली नाही, ती या सकाळमुळे.

आचार्यांकडे गेल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. आचार्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "स्वप्न ओळखलंत, पण भीती बरोबर घेऊन गेलात. आणि धावलात. पुढच्या वेळी काही करू नका. उभे राहा. आपले हात बघा. दोन-चार श्वास घ्या. स्वप्न कुठं पळून जात नाही, आपणच त्याला धक्का मारून घालवतो. आणि जुन्या वह्या वाचा हो एकदा. नुसत्या लिहून काय ठेवल्या आहेत!"

वह्या वाचताना, म्हणजे सुमारे साठ सालच्या अखेरीस, त्यांना ती गोष्ट दिसली. इतकी उघडी गोष्ट, की त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. स्वप्नात सगळे मराठी बोलत होते! रंगाच्या दुकानातला शिवाप्पा, ज्याला मराठीतला एक शब्द येत नाही, तो म्हणतोय, 'निळा संपला, उद्या या.' चौकातला पोलीस, बसचा कंडक्टर, साडीवाले शेट, सगळ्यांची फाकडी मराठी. बेंगळुरात हे कधी ऐकलंय? मराठी ती उंबऱ्याच्या आत, नाहीतर सोयऱ्यांच्या लग्नात. उंबऱ्याबाहेर कानडी, तमिळ, उर्दू, साहेब असेल तर इंग्रजी. रस्त्यावर परका माणूस आपल्याशी मराठी बोलला की खुशाल समजावं, आपण गाढ झोपलो आहोत.

ही खूण त्यांच्यासाठीच घडवलेली होती. दिवसभर ते लोकांचं बोलणं कान देऊन ऐकू लागले. "रायरे, बोर्ड रेडी आयता?" असं, म्हणजे पाटी झाली का, शेटनं विचारलं की मनात म्हणायचे, कानडी, म्हणजे जागा आहे. मग उत्तर द्यायचे. आणि खूण लागू पडली. त्यानंतरच्या चार वर्षांत नऊ वेळा त्यांनी स्वप्न स्वप्नातच ओळखलं. एकदा पोलिसामुळे, दोनदा शिवाप्पामुळे. धावायचं नाही, हात पाहायचे, श्वास घ्यायचा, हे सगळं साधत गेलं. कावेरीही दिसायची, नेहमी पाठमोरी, पुढे चाललेली. पण हाकेसाठी तोंड उघडावं, की 'आता जमणार!' या आनंदानंच डोळे उघडायचे. नऊच्या नऊ वेळा. दुसरा कुणी असता तर भिंतीवर डोकं आपटून घेतलं असतं. विठोजीराव लिहायचे, 'आज हाकेपर्यंत गेलो.' तोवर त्यांच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते.

चौसष्ट सालच्या कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीला भुईमुगाच्या शेंगांची जत्रा होती. जत्रेतल्या एका मांडवाच्या पाट्यांसाठी विठोजीराव पहाटे तीनला उठले होते. त्या लावून, कावेरीला घेऊन, देवळात दर्शन घेऊन दुपारी एकाच्या सुमाराला ते जवळच्या एका खडकाच्या सावलीत टेकले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग, आणि मधून माणसांचा लोंढा.

"तुम्ही बसा स्वल्प," कावेरी म्हणाली. "डोळे मिटायला लागले तुमचे. मी शेंगा बघून येते."

ते 'हूं' म्हणाले आणि त्यांचा डोळा लागला.

किती वेळ गेला कोण जाणे. कुणीतरी खांद्याला हात लावला. पागोटं बांधलेला, गळ्यात फण्या-रिबिनींची पेटी अडकवलेला एक अनोळखी फेरीवाला समोर वाकून म्हणत होता, "दादा, उठा की. बाईसाब पार तिकडं निघाल्या बघा. चुकामूक व्हईल."

मराठी! बसवनगुडीच्या भर रस्त्यात, परका माणूस, आणि मराठी. विठोजीरावांना मुळीच शंका उरली नाही. दहावी खेप, ते मनात म्हणाले. या वेळी घाई नाही.

ते सावकाश उभे राहिले. आपले हात पाहिले, तांबडा रंग लागलेले. एक श्वास घेतला, दुसरा घेतला. लोंढ्यात वीस-तीस हातांवर कावेरीची हिरवी साडी दिसत होती, पाठमोरी, पुढे चाललेली, नेहमीसारखी. आनंद वर येऊ लागला, त्याला त्यांनी खाली बसवलं. तिसरा श्वास घेतला. स्वप्नातल्या माणसांना कोण घाबरतं?

"कावेरी!"

हाक जत्रेवरून गेली. रुंद, भरदार, कुठेही न मोडलेली. आजूबाजूचे लोक थबकले. भर रस्त्यात बायकोला नावानं हाक मारणारा हा कोण बहाद्दर? बेंगळुरात कावेऱ्यांना काय तोटा! चार बायकांनी मागे वळून पाहिलं. एक म्हातारी होती, एक परकरी पोर. हिरवी साडी सगळ्यांत शेवटी वळली. त्या आवाजात आपलं नाव तिनं पंधरा वर्षांत कधी ऐकलंच नव्हतं, तिला कसं कळावं की हाक आपल्याला आहे?

ती वळली आणि तिनं त्यांच्याकडे पाहिलं. स्वप्नात ती कधी वळली नव्हती. विठोजीराव जाग येण्याची वाट पाहत उभे राहिले. जाग येईना. पायाखाली शेंगांची टरफलं चुरचुरत होती, पोटरीत गोळा आला होता, आणि कुणीतरी "दारी बिडी, दारी बिडी," असं कानडीत ओरडत, वाट मागत, ढकलून पुढे गेलं.

"तू... तुम्ही मराठी?" त्यांनी फेरीवाल्याला विचारलं.

"निपाणीकडचा की. पिराजी म्हनत्यात. बाईसाब तुमच्याशी बोलल्या ते ऐकलं, म्हून उठवलं. मघाधरनं हितंच हाय मी."

 म्हणजे ती हाक इथे मारली होती, या सगळ्या लोकांत, खऱ्या तोंडानं. आणि हे कळल्याबरोबर पंधरा वर्षांची ओळखीची भीती परत आली.

तोवर कावेरी गर्दीतून वाट काढत परत आली होती. पदरात शेंगा, कपाळावर घाम. तिचा चेहरा हसू की रडू असा झाला होता.

"हाक कुणी मारली?" तिनं विचारलं. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

स्वतःकडे बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. जन्मभर तेच करत आले होते. लोक अजून पाहत होते, एक-दोघं हसतही होते. विठोजीरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"का," ते म्हणाले. "का. का."

शब्द अडला. मागे फिरायला बोळ नव्हता, आणि त्यांना फिरायचंही नव्हतं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. कावेरीनं पदरातल्या शेंगा नीट सावरल्या, आणि उन्हात तशीच उभी राहून ती आपलं नाव पुरं व्हायची वाट पाहू लागली.